राग कोणाच्या मालकीचा?

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्तिक महिन्यात कोकणातल्या दिंड्या आळंदीला निघतात, तेव्हा त्यांतील कित्येक खालापूर तालुक्यातून वाट काढतात. खोपोलीच्या आसपास मुक्काम पडतो, रात्री भजन रंगते आणि पहाटे बोरघाटाची चढण सुरू होते. ह्या दिंड्यांत विणेकरी असतो, टाळकरी असतात, पखवाज असतो आणि मुक्कामाच्या भजनात बुवांच्या पुढ्यात एक पेटी असते. कर्जत-खालापूरच्या कुणबी, आगरी वस्त्यांतले भजन आज पेटीवाचून कल्पनेतही येत नाही. भूप, यमन, मालकंस लावून अभंग म्हणणारा बुवा पहिला षड्ज धरतो तो पेटीवरच.

ही पेटी कोठून आली? १८४२ साली पॅरिसच्या आलेक्झांद्र दबँ ह्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. मोठ्या ऑर्गनचा खर्च न झेपणाऱ्या लहान चर्चना हे वाद्य फार सोयीचे होते. हिंदुस्थानात ते आले ते मुख्यतः मिशनऱ्यांच्या आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सामानातून. पायाने भाता चालवावा लागे, म्हणून वाजवणाऱ्याला खुर्ची लागे. पुढे १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष ह्यांनी हाताने भाता हलवायची पेटी तयार केली आणि वाद्य खुर्चीवरून जमिनीवर, सतरंजीवर उतरले. तेथून ते नाटकमंडळ्यांत गेले, तमाशात गेले, कीर्तनात गेले. गोविंदराव टेंबे ह्यांनी भास्करबुवा बखले ह्यांच्या गायनाला पेटीची साथ केली आणि ह्या परक्या वाद्याला मैफलीत प्रतिष्ठेची जागा मिळवून दिली. ते नांदले ते उगाच नाही.

गमतीचा भाग असा, की पेटीला सर्वांत कडवा विरोध झाला तो धर्माच्या नावाने झाला नाही. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा संगीताचा आक्षेप होता. आणि तो रवींद्रनाथांनीही घेतला व दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स ह्या इंग्रज संगीतकारानेही घेतला. १ मार्च १९४० पासून रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडावे लागले. ती तीस वर्षे दिल्लीने काय ठरवले ह्याची गावच्या भजनी मंडळांनी फिकीर केली नाही. पेटी ख्रिस्त्यांची म्हणून विठ्ठलमंदिरात नको, असा ठराव मात्र ह्या तालुक्यांतच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाने केल्याचे ऐकिवात नाही.

चर्चमधले वाद्य देवळात आले ह्याचा कोणाला विटाळ झाला नाही. मग देवळातला अभंग चर्चमध्ये गेला तर कपाळाला आठी का पडावी? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. तो संगीताचा आहे आणि संगीतापुरता नाही.

आठी पडते, हे खरे आहे. २०१८च्या ऑगस्टमध्ये चेन्नईत ओ. एस. अरुण ह्या कर्नाटक संगीताच्या गायकाची ख्रिस्ती गीतांची एक मैफल ठरली होती. ‘आमचे राग परक्या देवाला विकले’ ह्या थाटाचा गदारोळ झाला, त्यांना आणि इतर काही गायकांना धमकावण्यात आले, आणि मैफल रद्द झाली. त्यावर टी. एम. कृष्णा ह्यांनी जाहीर केले, की यापुढे दरमहा येशूवरचे वा अल्लावरचे एक कर्नाटक गीत आपण प्रसिद्ध करू. हे सारे तमिळनाडूत घडले, इकडे त्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. परंतु फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे ९३व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले तेव्हा ‘धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा?’ असे म्हणत काही संघटनांनी विरोध केलाच. बायबल सुबोध मराठीत आणणारा, वसईत जन्मभर मराठीत लिहिणारा माणूस! २०२०च्या जानेवारीत उस्मानाबादला ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले हे मराठीचे भाग्य. दोन्ही घटनांच्या तळाशी एकच समजूत आहे: भाषा आणि सूर ह्यांचा सातबारा एका धर्माच्या नावे आहे, बाकीचे कुळे.

ह्या सातबाऱ्याच्या नोंदी जरा तपासून पाहिल्या पाहिजेत.

हिंदुस्थानी संगीतातली घराणी ज्या उस्तादांनी सांभाळली त्यांतले बहुसंख्य मुसलमान होते. अल्लादियाखाँ कोल्हापुरात राहिले, अब्दुल करीमखाँ मिरजेत. त्यांनी गायिलेल्या बंदिशींत कृष्ण आहे, राधा आहे, शिव आहे. गाताना त्यांनी आपला धर्म उंबऱ्याबाहेर ठेवला नाही आणि शिकवताना शिष्याचा धर्म विचारला नाही. भास्करबुवा बखल्यांसारखा ब्राह्मण गायक फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ ह्यांच्यापुढे बसून शिकला. शास्त्रीय संगीत म्हणजे हिंदू भक्तिभाव, हे समीकरण विष्णु दिगंबर पलुसकरांच्या काळानंतर मध्यमवर्गात रुजले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुसकरांचे उपकार मोठे आहेत. गाणे कोठीवरून आणि दरबारातून काढून सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत त्यांनी नेले. पण ते नेताना त्याला भजनाचा, शुचितेचा जो पोशाख चढवला गेला, त्यात उस्ताद आणि कलावंतिणी हळूहळू परसदारी गेल्या, हेही नोंदवायला हवे. सव्वाशे वर्षांच्या ह्या पोशाखालाच आज सनातन परंपरा म्हणून मिरवले जाते.

आता मराठी ख्रिस्ती माणसाकडे वळू.

अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये जे लोक आले ते बहुतांशी महार-मांग समाजांतले होते. गावाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. पण एकतारी, डफ, खंजिरी ही त्यांच्या घरातलीच होती आणि चोखोबा तर त्यांचेच होते. चर्चमध्ये आल्यावर त्यांच्या हाती इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचे पुस्तक पडले. मराठी शब्दाचा आघात एकीकडे आणि चालीचा ठोका दुसरीकडे. असे गाणे तोंडाने म्हणता येते, पण त्याला माणूस डोलत नाही. १८६०च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उभे केले. कृ. र. सांगळे हे त्यांतले अग्रणी. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदे, साकी, दिंडी, मागे टाळ-मृदंग, आणि कथा येशूच्या चरित्रातली. सुरुवातीला काही मिशनऱ्यांना ही तऱ्हा रुचली नाही. देवळाचा आणि तमाशाचा वास लागलेल्या चाली उपासनेत कशा आणायच्या, असा त्यांचा पेच होता. पुढे लोक जमतात हे दिसल्यावर त्यांतल्याच अनेकांनी ती उचलून धरली.

येथे एक गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. मिशनच्या दृष्टीने कीर्तन हे प्रचाराचे साधन होते. आज ‘वेश पालटून केलेली फसवणूक’ म्हणून जो आरोप होतो, त्याला हाच आधार दिला जातो. परंतु वेश पालटतो तो बाहेरून आलेला माणूस. सांगळ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी कोणाचा वेश घेतला होता? ते जन्मभर जे गात आले तेच गात होते. श्रद्धा बदलली म्हणून गळा बदलत नाही. रायगड जिल्ह्याच्याच बेने इस्राएल समाजानेही १८८०च्या सुमारास मराठी कीर्तने सुरू केली आणि त्यांत अब्राहाम, मोशे ह्यांची आख्याने लावली. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ह्या तेल्यांचे कीर्तन कोणालाही बाटवण्यासाठी नव्हते. त्यांना आपला ग्रंथ आपल्या पोरांना ऐकू येईल अशा भाषेत हवा होता, इतकेच.

ह्या वाटेवरचा सर्वांत मोठा वाटसरू म्हणजे नारायण वामन टिळक. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, तळमळल्या, आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. शिवाशिव आपल्या हाडीमासी किती मुरली होती आणि ती एकेक पदर करून कशी सुटली, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त ज्या निर्मळपणे सांगितले आहे तसे एखाद्या समाजसुधारकालाही सांगता आलेले नाही. कार्यकर्त्यांनी ते पुस्तक धर्मांतराची कथा म्हणून वाचू नये. जात माणसातून कशी बाहेर पडते, ह्याचे ते प्रत्यक्ष वर्णन आहे.

टिळकांनी ख्रिस्ती भजने आणि अभंग लिहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असा त्यांचा भाव होता, आणि पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा असे त्यांना वाटले नाही. मराठी चर्चचे जे ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक आहे, त्यात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत. ती गाताना वापरायची ती टाळ, तबला आणि पेटी. अभंग तरी कोणत्या छंदात? सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चार चरणांचा तोच मोठा अभंग, जो आळंदीच्या वाटेवर म्हटला जातो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत तो आपसूक बसतो. खालापुरातल्या कोणत्याही बुवाला टिळकांचा अभंग कागदावर दिला, तर चाल लावायला त्याला सायास पडणार नाहीत. शब्द निराळे, चौकट घरची.

टिळक मिशनमध्ये सुखी नव्हते. गोरा मिशनरी मालक आणि देशी ख्रिस्ती पगारी चाकर, हे नाते त्यांना सलत होते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली: बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जेथे एकत्र बसता येईल असे ख्रिस्तभक्तांचे कुटुंब. १९१९च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि दरबार मागे पडला. गाणी राहिली. संगीतातला स्वाभिमान आणि संस्थेतला स्वाभिमान टिळकांच्या ठायी एकच होता, हे विसरता कामा नये. परकी चाल नाकारणारा माणूस परक्याची धनीगिरी फार काळ सहन करीत नाही.

त्याच १९१७ साली तंजावरला ‘करुणामृत सागरम्’ हा संगीतावरचा प्रचंड तमिळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक अब्राहम पंडितर, ख्रिस्ती, नाडर समाजातले, पेशाने वैद्य. नाडरांना दक्षिणेतल्या मोठ्या देवळांचे दरवाजे बंद होते. १९१६ साली बडोद्याला भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा हे पंडितर तेथे गेले आणि सप्तकातल्या श्रुतींच्या संख्येवर त्यांनी शास्त्री-पंडितांसमोर आपला सिद्धांत मांडला. सोबत मुली होत्या, त्यांनी वीणेवर तो वाजवून दाखवला. श्रुती बावीस की चोवीस, हा वाद अजून चालू आहे आणि चालो. ज्याला गाभाऱ्याची पायरी चढू दिली नाही, तो रागाच्या गाभ्यात जाऊन बसला, हे त्या सभेत घडले. पंडितरही १९१९मध्येच गेले. टिळकांशी त्यांची भेट झाली असती तर काय बोलणे झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ती सत्तेनेही ह्या प्रकरणात पाप केले आहे, आणि ते लहान नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. नवख्रिस्तांची मागणी होती, की जुनी पुराणे सुटली, आता आम्ही वाचायचे काय? त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ साली ते छापले गेले आणि चर्चमधून गायिले जाऊ लागले. जे नगरला अडीचशे वर्षांनी उमजले ते ह्या परक्या माणसाला आधीच उमजले होते. पण पोर्तुगीज सरकारने १६८४ साली देशी भाषेवर घाव घातला, आणि १७३६ साली इन्क्विझिशनने जे फर्मान काढले त्यात ख्रिस्ती लग्नघरातल्या ओव्यांवरही बंदी आली. जात्यावरची, हळदीची ओवी म्हणजे गुन्हा! पुराण जगले ते घरोघरी जपलेल्या पोथ्यांतून आणि कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांतून. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि स्वरलिपी मिळाली. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद त्याच विद्येवर उभे राहिले. ती विद्या थोर आहे. तिची किंमत म्हणून ओवी हिरावून घ्यायचे मात्र काहीच कारण नव्हते.

म्हणजे १७३६ साली एका धर्माच्या ठेकेदारांनी सांगितले, की तू ख्रिस्ती आहेस, तर हे सूर सोड. २०१८ साली दुसऱ्या धर्माच्या ठेकेदारांनी सांगितले, की तू ख्रिस्ताबद्दल गातोस, तर हे सूर सोड. दोघांची भाषा ताडून पाहावी.

रोमच्या चर्चला चूक उमगायला दुसरी व्हॅटिकन परिषद यावी लागली. डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात, ज्या देशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे स्पष्ट म्हटले गेले. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात जॉर्ज प्रॉक्श ह्या जर्मन धर्मगुरूने रागदारीवर ख्रिस्ती भजने रचण्याचे काम त्याही आधीपासून चालवले होते. प्रॉटेस्टंट नगरकर ह्या बाबतीत कॅथलिकांच्या शंभर वर्षे पुढे होते, हा त्यांचा मान त्यांना द्यावा.

आता ह्या दोन तालुक्यांविषयी.

माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. तेथले सेंट पॉल चर्च इंग्रजांच्या अमदानीतले. त्या उपासनेतले गाणे साहेबाच्या भाषेतले आणि साहेबाच्या चालीतले. घोडा धरून बाहेर उभ्या राहणाऱ्याला, रिक्षा ओढणाऱ्याला ते आपले वाटण्याचे काही कारण नव्हते. त्याच माथेरानात भाई कोतवाल जन्मले, ज्यांनी पुढे शेतकरी आणि आदिवासी ह्यांच्यासाठी धान्यकोठ्या काढल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर गोळी झेलली. १८५६ साली पळसदरीहून खोपोलीपर्यंत रूळ आले, १८६३ साली गाडी घाट चढू लागली; रेल्वेबरोबर आणि मागाहून कारखान्यांबरोबर काही ख्रिस्ती कुटुंबे ह्या भागात आली. संख्येने ती मूठभर. त्यांच्यापासून कोणाच्या धर्माला धोका आहे असे म्हणणारा माणूस एक तर भाबडा असेल, नाही तर निवडणुकीचा हिशेब करणारा.

पण हिशेब मांडला जातो आहे, आणि तो कातकरी व ठाकर वाड्यांच्या नावाने. धर्म बदललेल्या आदिवासीला अनुसूचित जमातींच्या यादीतून काढा, अशी मागणी गेली काही वर्षे ठिकठिकाणी केली जाते. राज्यघटनेच्या व्यवस्थेत ह्या यादीला धर्माची अट नाही. कातकरी कोणत्या देवाला हात जोडतो ह्यावर त्याचे वेठबिगारीचे आणि वीटभट्टीचे दुःख ठरत नाही. अनुसूचित जातींच्या बाबतीत मात्र १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती अट घातली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यातून सोडवले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. नगरच्या ज्या महार-मांगांनी कीर्तन उभे केले त्यांच्या नातवंडांना सरकारदरबारी जात नाही आणि गावात मात्र जात आहे. त्यांना दोन्हीकडून सांगितले जाते, की तुम्ही आता आमचे नाही. मग गाण्याचा प्रश्न चैनीचा उरत नाही. ‘अभंग तुमचा नाही’ असे म्हणणाऱ्याचे पुढचे वाक्य ‘विहीर तुमची नाही, सवलत तुमची नाही’ हेच असते. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले, तेव्हा पायरीचा प्रश्नही काहींना किरकोळच वाटला होता.

ह्या भागात काम करणाऱ्यांना हे व्याख्यानात ऐकून ठेवायचे नाही. हरिनाम सप्ताहात बुवांशी, गावच्या पोरांशी बोलणे होते. पेटी कोठून आली ते तेथेच सांगता येईल, आणि बुवा बहुधा हसून ऐकतील. युवक शिबिरांत समूहगान असतेच. त्यात तुकोबांच्या आणि चोखोबांच्या शेजारी टिळकांचा एखादा अभंग घ्यावा. ‘उपासना संगीत’ कोणत्याही मराठी चर्चमध्ये पाहायला मिळते. चाल इथल्याच बुवाने लावावी, पखवाज इथल्याच पोराने धरावा. खोपोलीतले एखादे ख्रिस्ती कुटुंब येणार असेल तर त्याला प्रमुख पाहुणा म्हणून खुर्चीवर बसवू नये. टाळ देऊन सतरंजीवर बसवावे. कार्तिकीला अवकाश आहे, तोवर दोन-तीन गावांत एवढे करून पाहायला हरकत नाही.